शिवराममामाचा तीस वर्षांचा वाद

माजी पंतप्रधान मनमोहन सिंग गेल्याची बातमी आदल्या रात्रीच टीव्हीवर आली होती, पण शिवराममामाला ती सकाळी कळली. चर्चांमधली भांडणं बघून त्याचं ब्लडप्रेशर चढतं, म्हणून संध्याकाळनंतर घरात टीव्ही लावायचा नाही, असा गीतामामीने कायदाच केला होता.

डिसेंबर संपत आला होता. रामघाटावर इतकं धुकं होतं की पायरीवर उभं राहिलं तरी गंगा दिसत नव्हती, नावाड्यांची हाकाटी तेवढी ऐकू येत होती. मामा आमच्या घरी आला तो गळपट्टाही न सोडता खोलीत येरझाऱ्या घालायला लागला.

"ताई, गेला तो," मामा म्हणाला.

आई देवासमोर बसली होती. तिचा हात थांबला. "कोण रे? कोण गेलं?"

"मनमोहन सिंग."

आईने सुस्कारा सोडला. "ऐकलं मी रात्री. मला वाटलं आपल्यातलंच कोणी. मोठा माणूस होता रे."

यावर मामा काहीतरी बोलेल म्हणून मी आणि आई दोघीही थांबलो. तीस वर्षांत या नावावर मामा गप्प बसला, असं कधी झालं नव्हतं. पण तो खिडकीशी गेला, तिथून दाराशी आला, पुन्हा खिडकीशी गेला. मी चहा पुढे केला तर म्हणाला, "नको, ऋता." आणि निघून गेला.

शिवराम पाळंदे हा माझ्या आईचा धाकटा भाऊ. आमचं आजोळ पिढ्यान्‌पिढ्या काशीत. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंना उतरवून घ्यायचं, त्यांच्याकडून गंगापूजन, श्राद्ध, पिंडदान करवून घ्यायचं, हा घरचा धंदा. मामाला तो लहानपणापासून नकोसा. "मेलेल्यांच्या नावावर जेवायचं नाही मला," असं त्याने आजोबांना तोंडावर सांगितलं आणि आयटीआय करून अलाहाबादकडच्या एका सरकारी कारखान्यात लागला. तिथे वजनकाटे बनायचे. तयार काटा खरा आहे की नाही हे तपासायचं काम मामाकडे. त्या नोकरीवर त्याचा जीव होता. सुटीत घरी आला की भाजीवालीचा काटासुद्धा हातात घेऊन बघायचा.

एक्याण्णव साली देशाचं आर्थिक धोरण बदललं. मनमोहन सिंग तेव्हा अर्थमंत्री होते, पंतप्रधान ते बऱ्याच वर्षांनी झाले. पुढच्या चार-पाच वर्षांत मामाच्या कारखान्यातल्या ऑर्डरी आटत गेल्या, पगार अडकायला लागले आणि एक दिवस गेटला कुलूप लागलं. मामा तेव्हा चाळिशीला टेकलेला, केयूर जेमतेम शाळेत जाणारा. सामान टेम्पोत घालून मामा रामघाटावर परत आला. ज्या कामाला लाथ मारून गेला होता, तेच काम आजोबांच्या शेजारी बसून शिकला. मोठ्या माणसाने लहान मुलासारखे मंत्र घोकायचे, चुकलं की वडिलांनी सर्वांसमोर टोकायचं. आजोबा सुखावले होते. मामा त्या वर्षी फारसा कोणाशी बोलला नाही.

मग बोलायला लागला तो थांबलाच नाही. सकाळी राजा घाटावर यात्रेकरूंचे विधी आटोपले की घाटावरच्या चहाच्या टपरीवर मामाची सभा भरायची. विषय कोणताही निघो, कांदा महागलेला असो की पोराला नोकरी नसो, मामा गाडी एक्याण्णव सालावर आणायचा. आणि रविवारी आमच्या घरी आईशी दुसरी फेरी.

आई मुलींच्या इंटर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची. तिचं नाव विद्युल्लता, आणि वादात ती तशीच होती.

"दार उघडलं, वारा आला आणि आमचं छप्पर उडालं," मामा म्हणायचा.

"छप्पर आधीपासून गळत होतं, शिवराम. तुमचे काटे कोण घेत होतं? सरकारच सरकारकडून घेत होतं. देशाचं सोनं परदेशात गहाण पडलं होतं, तेव्हा काय दार लावून बसायचं होतं?"

"गळतं छप्पर दुरुस्त करतात, ताई. घरातल्या माणसांना बाहेर काढून दार उघडत नाहीत."

"आणि रोजगार हमीचा कायदा कोणाच्या काळात झाला?"

"महाराष्ट्रात आधीपासून होती रोजगार हमी! त्यात त्याचं काय?"

"देशभर कोणी नेली?"

मग त्यांच्या कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षांतले घोटाळ्यांचे आरोप निघायचे, रुपया निघायचा, आवाज चढायचे आणि गीतामामी ताटं वाढली म्हणून ओरडायची. तो वाद आमच्या घराचं हवामान होता. मला तर कित्येक वर्षं वाटायचं की मनमोहन सिंग हे आमचे कोणी तरी लांबचे नातेवाईक असावेत आणि मामाचं त्यांच्याशी जमिनीवरून वितुष्ट असावं.

बातमी कळली त्या सकाळी मामा आमच्याकडून टपरीवर गेला. तिथे काय घडलं ते चहावाल्यानेच मला सांगितलं. टपरीवर साड्यांचा एक दलाल नेहमी यायचा. मामाला बघून तो हसत म्हणाला, "का गुरु, आज चुप काहे हौवा? मिठाई खिलावा! तोहार दुश्मन गयल." आणि तो गेलेल्या माणसाची नक्कल करायला लागला. ते हळू बोलणं, ती मान खाली घालून चालायची ढब. "पहिले भी मुँह नाही खुलत रहल," असं त्यांच्या मितभाषीपणावर बोलल्यावर सगळे हसले.

मामाने चहाने भरलेला मातीचा कुल्हड तसाच फळीवर ठेवला. "तीस साल से उसके खिलाफ़ मैं बोल रहा हूँ," तो म्हणाला. "तुम कौन होते हो? तुमने उसकी एक बात भी ठीक से सुनी है?"

दलाल थट्टेवारी न्यायला गेला, तर मामाने त्याची कॉलर धरली. लोकांनी सोडवलं. त्या दिवसापासून मामा टपरीवर जाईनासा झाला.

आणि मग त्याला कुठेच चैन पडेना. पहाटे उठून घाटाने दक्षिणेकडे चालत सुटायचा, ऊन वर आलं की थकून परत यायचा. जेवताना मध्येच उठायचा. गीतामामी मला म्हणाली, "घरचं माणूस गेल्यासारखे करताहेत गं. विचारलं तर म्हणतात, माझा काय संबंध?"

त्यातच जानेवारी लागला. प्रयागला महाकुंभ सुरू झाला आणि तिथली सगळी गर्दी काशीकडे वळली. गल्ल्यांतून माणूस हलेना. मामाकडे यात्रेकरूंची रीघ लागली. असा धंदा कित्येक वर्षांत झाला नव्हता, पण मामा संकल्प सांगतानासुद्धा मध्येच थांबून नदीकडे बघत राहायचा.

बालाजी घाटाजवळच्या गल्लीत आमच्या मराठी मंडळाचा हॉल आहे. संक्रांतीनंतर, रथसप्तमीच्या आत, तिथे तिळगूळ असतो आणि दरवर्षी एक वादविवाद. मंडळाचे कार्यवाह नरहर देव स्वतः मामाकडे आले. "या वर्षी विषय ठरलाय, माजी पंतप्रधानांचा वारसा आणि देशाची आजची आर्थिक ओढाताण. अनुकूल बाजूने विद्युल्लताताई, प्रतिकूल बाजूने तू. तुमचा घरचा वाद सगळ्यांना ऐकू दे एकदा."

मामा नको म्हणेल असं आम्हाला वाटलं होतं. तो हो म्हणाला. पण तयारी काही करेना.

केयूर त्या वेळी घरीच होता. तो पुण्याला एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला होता, नाताळच्या सुटीत आला होता आणि सुटी लांबतच चालली होती. गच्चीवर ब्लँकेट गुंडाळून, लॅपटॉप उघडून बसायचा. माकडं आली की काठी आपटायची, पुन्हा पडद्याकडे बघायचं. विचारलं तर "वर्क फ्रॉम होम" म्हणायचा. आम्हाला ते खरं वाटत होतं.

वादाच्या दोन दिवस आधी तो राजा घाटावर गेला. यात्रेकरूंची एक तुकडी आटोपून मामा पायरीवर बसला होता. पुढचं मला केयूरने सांगितलं.

"बाबा, मला काढलंय. दिवाळीच्या आधीच."

मामा त्याच्याकडे बघत राहिला. "कोणी काढलं?"

"कंपनीने."

"कंपनी म्हणजे कोण? माणूस कोण? नाव काय त्याचं?"

"माणूस कोणी नाही, बाबा. एक मेल आला. सगळ्यांना एकच."

"तुझा साहेब काय म्हणाला?"

"त्याला पण तोच मेल आला."

मामा उठून चार पायऱ्या उतरला, पुन्हा चढून आला. "मग भांडायचं कोणाशी?"

"कोणाशीच नाही. मी अर्ज करतोय, इंटरव्ह्यू देतोय. आईला सांगू नका. आत्याला, ऋताताईला तर बिलकुल नाही. काहीतरी हातात आलं की मी स्वतः सांगेन."

"बरं," मामा म्हणाला.

संक्रांतीच्या कार्यक्रमाला हॉल भरला होता. यात्रेला आलेली महाराष्ट्रातली काही मंडळीही येऊन बसली होती. केयूर मागच्या रांगेत माझ्याशेजारी.

आधी आई बोलली. वर्गात बोलायची तशी, हातात कागद नाही. देशाकडे परदेशी चलन काही आठवड्यांपुरतंच उरलं होतं, तेव्हा काय काय घडलं ते तिने सांगितलं. टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं थांबणाऱ्या घरांची आठवण करून दिली. माहितीच्या अधिकाराबद्दल बोलली. "मी डोळे मिटून त्यांची आरती करत नाही," ती म्हणाली. "पण आज रुपया घसरतोय, मुलांना कामं नाहीत, म्हणून पस्तीस वर्षांपूर्वीच्या माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं, हा न्याय नव्हे." टाळ्या खूप पडल्या.

मामा उठला. सुरुवात त्याने नेहमीसारखीच केली, कुलपापासून. गेटबाहेर उभे असलेले कामगार, त्यातले कोणी रिक्षा ओढायला लागले, कोणी गावाला गेले. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती, तरी त्या दिवशीही ऐकत राहिले.

तेवढ्यात यात्रेकरूंमधून एक गृहस्थ म्हणाले, "काका, ते जुनं झालं. आजचं बोला!"

मामा थबकला. पाणी प्यायला. ग्लास खाली ठेवला.

"आजचं ऐकायचंय?" तो म्हणाला. "ऐका. ताई म्हणते, दार उघडलं म्हणून पोरांना कंपन्या मिळाल्या. माझ्या पोराला मिळाली. काटा तपासणाऱ्याचा पोरगा पुण्यात एसीत बसला. मी मनातल्या मनात म्हणायचो, चला, त्या माणसाने माझं घेतलं ते पोराला दिलं. पण ते पण गेलं! दिवाळीच्या आधी एका मेलवर काढून टाकलं माझ्या केयूरला. तो बघा, मागे बसलाय. महिनाभर गच्चीवर लॅपटॉप उघडून नोकरीचं नाटक करतोय. मला निदान शिव्या द्यायला एक माणूस होता. त्याने कोणाला द्यायच्या?"

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. समोरच्या रांगेत गीतामामीने तोंडाला पदर लावला.

केयूर उठला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. खुर्च्यांमधून वाट काढत तो दाराबाहेर गेला.

मामा माइकसमोर तसाच उभा होता. "मी…" एवढंच म्हणाला. नरहरकाका हळूच म्हणाले, "शिवराम, वेळ आहे अजून, पुरं कर." पण मामा व्यासपीठावरून उतरला आणि चपला न घालता बाहेर धावला. मी त्याच्या मागे निघाले.

गल्लीत कुंभाची गर्दी कोंबली होती. डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बायका, एकमेकांच्या पदराला गाठी मारून चाललेली माणसं, मध्येच एखादी मोटरसायकल. मामा हाका मारत होता, "केयूर! ए केयूर!" आणि लोकांना वाटत होतं की याचं लहान मूल हरवलंय. एका बाईने तर "कितने साल का है, बाबा?" असं विचारलं. मामा तसाच पुढे घुसला. मी केयूरला फोन लावत होते, तो कट करत होता. पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर नाही, रामघाटावर नाही, घरी नाही. परत फिरलो. मामाचा पाय ठेचकाळून रक्त येत होतं, ते त्याला दिसतही नव्हतं.

शेवटी बालाजी घाटाच्या खालच्या बाजूला, बांधून ठेवलेल्या एका रिकाम्या नावेत केयूर बसलेला दिसला. मामा नावेत चढला. मी काठावर उभी राहिले.

नाव हलली.

"सांगू नका म्हटलं होतं मी," केयूर म्हणाला.

"हो."

"आईला मी काय सांगणार होतो, कसं सांगणार होतो, रोज ठरवत होतो. तुम्ही सगळ्या गावासमोर सांगून मोकळे झालात. मला वापरलंत तुम्ही, बाबा. डिबेट जिंकायला."

"जिंकायला नाही रे. तोंडातून निघून गेलं."

"तीस वर्षं तुम्ही स्वतःची गोष्ट सांगताय. ऐकलीच ना सगळ्यांनी? माझी तरी मला सांगू द्यायची होती."

मामाने मान खाली घातली. मग म्हणाला, "सांग."

"काय सांगू? मी काम काय करत होतो, ते तरी माहितीये तुम्हाला?"

"कम्प्युटरचं."

केयूरला रागातही हसू आलं, आणि हसता हसता तो रडायला लागला. मामाने त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो त्याने झटकला. जरा वेळाने स्वतःच बोलायला लागला. त्याची टीम औषधांच्या दुकानांसाठी प्रोग्रॅम लिहायची. कोणतं औषध संपत आलंय, कोणाची तारीख उलटलीय हे दुकानदाराला वेळेत कळावं म्हणून. एकदा एका मोठ्या चुकीवर त्याने आठवडाभर डोकं घातलं आणि ती सापडली तेव्हा सगळ्यांनी त्याला उचलून घेतलं होतं. मामा मध्ये मध्ये प्रश्न विचारत होता, "मग? चूक होती कुठे? तुला ती दिसली कशी?" मनमोहन सिंग, सरकार, रुपया, कशाचंही नाव निघालं नाही. नावाडी आला आणि म्हणाला, उतरा, सवारी आहे. तेव्हा दोघं उतरले.

म्हणून सगळं सुरळीत झालं असं नाही. केयूर त्या आठवड्यातच पुण्याला गेला. जाताना माझ्या आईच्या पाया पडला, माझ्या मुलीला खाऊला पैसे दिले. मामाला फक्त "येतो" म्हणाला. कित्येक दिवस त्याचा फोन गीतामामीलाच यायचा. मार्चमध्ये त्याला नागपूरला एका लहान कंपनीत काम मिळालं. पगार पहिल्यापेक्षा कमी आहे, पण लागला. आता मामालाही फोन करतो. मोजकं बोलतो.

आई मात्र मामावर रागावली ती रागावलीच. "माझं मत बदललेलं नाही," ती मला स्वयंपाकघरात म्हणाली. "वादात पोराला ओढायचं नसतं. मीसुद्धा तुझ्या बाबांच्या आजारपणाचा दाखला कधी दिला नाही, दार उघडलं म्हणूनच बाहेरचं औषध मिळालं, असं म्हणता आलं असतं तरी." पहिले दोन रविवार मामा आला नाही. तिसऱ्या रविवारी आला, तेव्हा आईने काही न बोलता त्याचं ताट मांडलं.

शिवरात्र झाली, गर्दी ओसरली. उन्हाळा लागायच्या सुमाराला इचलकरंजीचे एक गृहस्थ बायकोसह वडिलांचं श्राद्ध करायला आले. मामाने गोत्र विचारलं, नाव विचारलं, आणि विचारलं, "काम काय करता?"

"माग होते. विकले," ते म्हणाले.

पूर्वीचा मामा असता तर पिंड बाजूला ठेवून त्याने तिथेच एक्याण्णव साल काढलं असतं. या खेपेला तो म्हणाला, "मग आता?" आणि त्या गृहस्थांनी जे सांगायला सुरुवात केली, ते ऊन पायरीवरून खाली सरकेपर्यंत सांगत राहिले. त्यांची बायको मध्येच म्हणाली, "अहो, गुरुजींना कशाला?" मामा म्हणाला, "बोलू द्या त्यांना."

हे सगळं मामाने त्याच दुपारी आमच्याकडे येऊन सांगितलं. सांगतानाही त्याला एका जागी बसवत नव्हतं.

"मग तू काय म्हणालास?" आईने विचारलं.

"काही नाही. काय म्हणणार? विधी पुरा केला."

"यंत्रमागाचा प्रश्न मुळात असा आहे की…" आईने सुरुवात केली.

मामाने हात वर केला. "ताई, आज नको."

आई थांबली. मामा उठला, खिडकीपर्यंत गेला, खालच्या गल्लीत बघत उभा राहिला. मग गळ्याभोवती उपरणं टाकून, "ते अजून धर्मशाळेतच असतील, संध्याकाळच्या गाडीने जायचेत," असं म्हणत तो जिना उतरून गेला.